घरी राहून दारू सुटेल का?

ताई, तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. भाऊ ३६ वर्षांचा, यावल तालुक्यात केळीची बाग, रोज दोन क्वार्टर, सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. तुम्ही लग्न होऊन पुण्यात. त्याला तिकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवावं असं तुम्हाला वाटतं. आई म्हणते, बाग कापणीला आलीय, तो गेला तर व्यापाऱ्याशी बोलणार कोण, आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन जाऊ दे, मग बघू. वहिनींना कुणीतरी सांगितलंय की चहातून न कळता गोळी दिली की आपोआप सुटते. आणि तुम्ही विचारता की जळगावात जाऊन-येऊन उपचार मिळतात म्हणे, तिथं नेमकं करतात काय, नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवतात का, आणि अशानं सुटते का.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. गेली १९ वर्षं जळगाव जिल्ह्यात व्यसनमुक्तीची ओपीडी बघते. म्हणजे जिथं रुग्ण मुक्कामाला नसतो. तपासून, बोलून, औषध घेऊन एसटीनं आपल्या गावी परत जातो. त्यामुळे माझा कल त्या बाजूला असणार हे आधीच धरून चाला. तरीही तुमच्या भावासाठी माझं मत असं आहे की सुरुवातीचे पाच-सात दिवस त्यानं दवाखान्यात पलंगावर काढावेत आणि त्यानंतर निदान वर्षभर ओपीडीत येत राहावं. असं का, ते सविस्तर सांगते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक शरीराचा: दारू थांबवल्यावर पहिले चार-पाच दिवस त्याचं शरीर घरी ते सोसेल का? दुसरा पुढचा: दारू थांबल्यावर तो थांबलेला राहील का? पहिल्याचं उत्तर तपासणीवर आणि जुन्या इतिहासावर ठरतं. दुसऱ्याचं उत्तर घर, गाव, पैसा, मित्र आणि आम्ही किती चिकाटीनं त्याच्या मागे राहतो यावर ठरतं. महिनाभर पुण्यात ठेवायचं की ओपीडीत न्यायचं असा एकच प्रश्न करून घरात वाद घातला की दोन्ही बाजू बरोबर वाटतात आणि निर्णय होत नाही. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं.

आता शरीराकडे येते. पत्राच्या शेवटी तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहिलीत. मागच्या नवरात्रात घटस्थापनेला त्यानं दारू बंद केली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बागेत पडला, दातखीळ बसली, मजुरांनी कांदा हुंगवला, थोड्या वेळानं शुद्धीवर आला, आणि उपासामुळे चक्कर आली असं घरात ठरलं. ताई, सगळ्या पत्रात माझ्यासाठी हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण रोज पिणारा माणूस एकदम बंद करतो आणि दीड दिवसात दातखीळ बसून पडतो, तेव्हा ती दारू तुटल्यामुळे आलेली फीट असण्याची शक्यता खूप मोठी असते.

असं होतं कारण दारू मेंदूला रोज खाली दाबत असते. मेंदू तग धरण्यासाठी उलट बाजूनं तितकाच जोर लावायला शिकतो. जुवाला दोन बैल आहेत आणि एक अचानक सोडला, तर दुसरा गाडी आपल्या बाजूला ओढून रस्त्याखाली नेतो, तसं हे आहे. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. सकाळी तुमच्या भावाचा कप हलतो तो म्हणूनच. रात्रभराचा खंडसुद्धा त्याच्या शरीराला जाणवतो. फीट आली तर बहुतेक वेळा सहा ते ४८ तासांत येते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: माणूस घरच्यांना ओळखत नाही, भिंतीवर किडे-साप दिसतात, अंगावरचे कपडे ओढतो, ताप आणि नाडी चढते. गावात याला बाहेरचं लागलं म्हणतात आणि भगताकडे नेतात. ही जिवावर बेतणारी अवस्था आहे, तिला रुग्णालयच हवं. एकदा फीट येऊन गेलेल्या माणसाला पुढच्या वेळी बंद केल्यावर पुन्हा येण्याचा धोका वाढलेला असतो. म्हणून त्याची दारू घरीच तोडायला मी तयार होणार नाही.

हे मी चूक करून शिकले आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत भुसावळहून एक रेल्वे कर्मचारी आला होता. शांत, समजूतदार, बायको बरोबर, घर दवाखान्याजवळ. सगळं ठीक दिसलं म्हणून मी औषधं लिहून त्याला घरी पाठवलं. आधी कधी फीट आली होती का, हा एक प्रश्न विचारायचा राहिला. दुसऱ्या रात्री त्याला मोरीत फीट आली, डोकं फुटलं, टाके पडले. वाचला, पुढे सुटलाही. पण त्याची बायको मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं." तेव्हापासून केसपेपरवर औषधाच्या आधी तो प्रश्न लिहिला जातो आणि तो रुग्णाला नाही, घरच्यांना विचारला जातो. पडलेल्याला स्वतःला काही आठवत नसतं.

तर ओपीडीत पहिल्या दिवशी काय होतं? वेळ जातो, हे आधी सांगते. दीड-दोन तास धरा. रुग्णाशी एकट्याशी बोलणं, मग घरच्यांशी वेगळं, मग दोघांना समोर बसवून. किती पितो हे आम्ही पैशात किंवा "थोडीशी" मध्ये ऐकून घेत नाही, मापात विचारतो. इंग्रजी दारूची एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दोन क्वार्टर म्हणजे रोज १२० ग्रॅम. हा आकडा समोर कागदावर लिहिला की माणूस स्वतः दोन मिनिटं गप्प बसतो. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, ऑडिट नावाची, ४० पैकी गुण मिळतात; वीस किंवा त्यावर गेलं की नुसतं "जास्त पितो" असं न राहता अवलंबित्वाचा विचार करावा लागतो. शेवटची कधी घेतली, सकाळी उठल्याबरोबर लागते का, कावीळ झाली होती का, रक्ताची उलटी किंवा काळी शौचास होते का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, तंबाखू-गुटखा किती, मरणाचे विचार येतात का, हे सगळं विचारलं जातं. मग नाडी, रक्तदाब, हाताचा कंप, डोळ्यातला पिवळेपणा, पोट. रक्तातून लिव्हर, साखर, किडनी, रक्तपेशी. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा खिशातून निघतो, तोही आम्ही टेबलावर ठेवायला सांगतो आणि त्याचीही नोंद करतो, कारण दारू सोडताना पुड्या दुप्पट झालेल्या मी फार पाहिल्यात.

यावरून ठरतं कोण घरी राहून थांबवू शकतो. फीट किंवा भ्रमाचा इतिहास नाही, कावीळ किंवा पोटात पाणी नाही, हृदयाचा मोठा आजार नाही, आत्महत्येचा विचार नाही, घरात रात्री जागं राहणारं एक शहाणं माणूस आहे, आणि काही झालं तर तासाभरात दवाखाना गाठता येतो. एवढं जुळलं तर मी आनंदानं घरी पाठवते. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण यात बसतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरून आलेला, एकटा राहणारा, मोहाची पिणारा माणूस कागदावर किरकोळ दिसला तरी मी त्याला पहिले दिवस जवळ ठेवून घेण्याचा प्रयत्न करते, कारण रात्री दोन वाजता त्याला आणणार कोण?

घरी राहणाऱ्यांना आम्ही मेंदूचा तो उसळलेला जोर आवरणारी औषधं देतो, बहुतेकदा क्लोरडायझेपॉक्साइड, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. सुरुवातीला पुरेशी आणि मग रोज थोडी कमी करत सात-दहा दिवसांत बंद. ही औषधं घरच्यांच्या हातात देतो, तीही दोन-तीन दिवसांपुरतीच, म्हणजे तिसऱ्या दिवशी परत यावंच लागतं. या काळात मोटारसायकल नाही, ट्रॅक्टर नाही, विहिरीवर एकट्यानं जाणं नाही. औषध चालू असताना दारू घेतली तर गुंगी इतकी वाढू शकते की श्वास मंद होतो, म्हणून त्या दिवशी प्यायला तर गोळी द्यायची नाही आणि आम्हाला फोन करायचा, हे घरच्यांकडून म्हणवून घेतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. घाम आणि उलट्या त्यात भर घालतात, तेव्हा पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी याचं वेळापत्रकच लिहून देते.

सलाईनबद्दल एक गोष्ट. आपल्या भागात समज आहे की सलाईन लावली की दारू उतरते आणि अशक्तपणा जातो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपलेलं असतं. त्यात आधी साखरेची सलाईन चढवली तर उरलंसुरलं थायमिन वापरलं जाऊन मेंदूला इजा होऊ शकते: डोळे फिरतात, तोल जातो, गोंधळ होतो, आणि वेळेत उपचार झाला नाही तर स्मृती कायमची जाते. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. कुठल्याही दवाखान्यात नेलंत तरी "हा रोज पितो" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. लाजून लपवू नका.

आता वहिनींची चहातली गोळी. एसटी स्टँडच्या भिंतींवर "न कळता दारू सोडवा" अशा जाहिराती मी आल्यापासून बघतेय. त्या पुडीत काय असतं हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. पण डॉक्टरी औषधांपैकी जे असं लपवून दिलं जातं ते डायसल्फिरम. हे औषध दारूचं पचन मध्येच अडवतं. दारूपासून शरीरात अॅसिटाल्डिहाइड नावाचा पदार्थ तयार होतो, एरवी तो लगेच निघून जातो, या गोळीमुळे साचतो. मग तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, उलट्या, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याच्या हृदयात आधीच दोष आहे तो यात दगावू शकतो. दारूवरचा हा परिणाम १९४८ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी मांडला आणि औषध आजही वापरात आहे, मीही वापरते. पण कुणाला? ज्याला स्वतःला हवं आहे, ज्याचं लिव्हर आणि हृदय तपासलंय, ज्यानं कागदावर सही केलीय आणि जो रोज सकाळी बायकोसमोर ती गोळी स्वतः घेतो. त्याला गोळी म्हणजे एक कुंपण वाटतं: आज घेतली, म्हणजे आज प्यायचा विषयच संपला. असा माणूस म्हणतो, "मॅडम, चोवीस तास डोक्यात चाललेलं भांडण थांबलं." अशांना खोकल्याची अल्कोहोल असलेली औषधं आणि आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं टाळायला सांगावं लागतं, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो हेही.

न कळता दिलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. तो ढाब्यावर बसतो, पितो, कोसळतो. आणि वाचला तर त्याला एक दिवस कळतं की घरच्यांनी चहात काहीतरी घातलं. मग तो घरचा चहा घेत नाही, जेवण घेत नाही, दवाखान्याचं औषध तर अजिबात घेत नाही. अमळनेरकडचा एक जण माझ्याकडे आला तेव्हा पाच वर्षं घरात पाणीसुद्धा स्वतः माठातून घेऊन प्यायचा. मला म्हणाला, "माले सोडनी शे, पन घरना कोनवर भरोसा नही." त्याची दारू सुटायला आठ महिने लागले, बायकोवरचा विश्वास परत यायला त्याहून जास्त. वहिनींना माझ्याकडून एवढंच सांगा की त्यांनी हे काळजीपोटी ठरवलं हे मला कळतं, पण ती पुडी घरात असेल तर आजच टाकून द्यावी.

ओढ कमी करणारी दुसरी औषधं आहेत: नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट, आणि लिव्हर फारच खराब असलेल्यांसाठी काही वेळा बॅक्लोफेन. यांनी दारूवर विषारी प्रतिक्रिया होत नाही. कुणाला कुठलं हे लिव्हर-किडनीच्या रिपोर्टवर आणि इतर चालू औषधांवर ठरतं, ते इथं लिहून ठरवता येणार नाही.

थोडक्यात इथवर: दारू तोडणं हा वैद्यकीय भाग आहे, तो आठवडा-दहा दिवसांत संपतो, तुमच्या भावासाठी तो दवाखान्यात व्हावा. पण हात थरथरायचे थांबले, भूक लागली, चेहरा उजळला की घरच्यांना वाटतं झालं. आई नारळ फोडते. आणि तिथंच उपचार सोडला जातो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माणसं आम्ही या वळणावर गमावतो. आमचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

ते काम म्हणजे समुपदेशन, पण या शब्दानं लोकांना उपदेश वाटतो. उपदेश त्याला गावात भरपूर मिळालेला असतो. आमचा समुपदेशक पाऊण तास बसतो आणि बहुतेक वेळ ऐकतो. त्याला दारूतून काय मिळतं हे आधी विचारतो, आणि काय जातंय हे त्याच्याच तोंडून येईपर्यंत थांबतो. मग दोघं मिळून त्याच्या वर्षाचा नकाशा काढतात. खान्देशातल्या शेतकऱ्याचा हा नकाशा मला आता पाठ आहे. व्यापाऱ्याकडून पैसे हातात पडतात तो दिवस. गाडी भरल्यावर मजूर आणि मालक एकत्र बसतात ती संध्याकाळ. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी, तुराट्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याची भाकर येते आणि बरोबर बाटली येते. लग्नाची हळद आणि वरात. आखाजीला पत्त्यांचा डाव. भाव पडला किंवा वादळानं बाग आडवी झाली ती रात्र. आणि जी कुणी लिहीत नाही ती, सगळं नीट चाललंय म्हणून आज एक घेऊ, ही वेळ.

नकाशा झाला की एकेका जागेची तयारी करायची. पैसे थेट खात्यात यावेत आणि एटीएम कार्ड वहिनींकडे असावं, हे भावानं स्वतः सुचवेपर्यंत आम्ही वाट बघतो. वरून लादलं तर दोन दिवस टिकतं. भरीत पार्टीला जायचंच नाही की जेवून सातच्या आत निघायचं? "घे रे एक" म्हणणाऱ्या मित्राला काय म्हणायचं, ते वाक्य आम्ही तोंडानं म्हणवून घेतो, अगदी नाटकाच्या तालमीसारखं. चोपड्याकडच्या एका पेशंटनं स्वतःचं वाक्य तयार केलं होतं: "लिव्हरच्या डॉक्टरनं बंद केलीय, पुढची तारीख सोमवारी आहे." त्याचं म्हणणं, व्यसनमुक्ती म्हटलं की चार लोक चिडवतात, लिव्हर म्हटलं की गप्प बसतात. मला ते पूर्ण मान्य आहे.

ओढ उठते ती लाटेसारखी, वीस-तीस मिनिटांत बहुधा ओसरते, हे त्याला आधी माहीत असावं लागतं. त्या अर्ध्या तासात काय करायचं ते ठरलेलं असतं: पोटभर खायचं, कारण भूक आणि ओढ आतून सारखीच वाटते, एकटं राहायचं नाही, ठरलेल्या माणसाला फोन करायचा. आठवड्यातून एकदा गट बसतो. तिथं सहा महिने, दोन वर्षं, नऊ वर्षं न प्यायलेली माणसं शेजारी बसतात. डॉक्टर सांगते त्यापेक्षा फैजपूरचा केळीवाला सांगतो ते त्याला पटतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभाही याच तत्त्वावर चालतात, त्यांना फी नसते, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. जिथं सभा जवळ असेल तिथं मी आवर्जून पाठवते.

आणि आमची सगळ्यात मोठी सेवा मी कुणाला सांगितली तर त्याला ती किरकोळ वाटते: पुढची तारीख. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा, मग दोन महिने दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, वर्षभर. तारखेला आला नाही तर संध्याकाळी आमच्याकडून फोन जातो. रागवायला नाही. "आज दिसला नाहीत, सगळं ठीक?" एवढाच. पुन्हा प्यायलेला माणूस दवाखान्याचं तोंड चुकवतो, कारण त्याला वाटतं आता मॅडम काय म्हणतील. तो फोन त्याच दिवशी गेला तर घसरण एका दिवसाची राहते. महिन्यानं गेला तर जुनं सगळं परत आलेलं असतं. म्हणून पहिल्याच भेटीत मी सांगून ठेवते की प्यायलात तरी तारखेला या, प्यायलात म्हणूनच या.

निवासी केंद्राच्या मी विरोधात नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ज्याचं घरच तुटलंय, ज्याच्या घरात दारू गाळली किंवा विकली जाते, जो ओपीडीत दोनदा-तीनदा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा घसरलाय, त्याला ते वातावरण बदलणं लागतं. पण तिथून आलेल्यालाही परत याच बागेत, याच ढाब्यासमोरून जायचं असतं. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकानं कसला तरी उपचार मिळाल्याचं सांगितलं, आणि दाखल होऊन उपचार १८० मागे एकाला. पलंगांची वाट बघत बसलो तर बाकीच्यांचं काय? ज्याला घर आहे, काम आहे, काळजी करणारी बहीण आहे, त्याच्यासाठी काम न सोडता होणारा उपचार हीच बऱ्याचदा त्याला मान्य होणारी एकमेव गोष्ट असते. आणि मान्य होणं महत्त्वाचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. धडधाकट विचार करू शकणाऱ्या माणसाला गाडीत कोंबून नेऊन कोंडता येत नाही. जी मंडळी घरून उचलून नेण्याची तयारी दाखवतात, शंभर टक्के हमी देतात, महिनाभर घरच्यांना भेटू देत नाहीत, किंवा मानसोपचारतज्ज्ञ कोण आहेत हे सांगत नाहीत, तिथं भावाला देऊ नका. केंद्राची त्या कायद्याखाली नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

पैशाचं म्हणाल तर ते ठिकाणावर अवलंबून आहे. सुरुवातीचे पलंगावरचे दिवस जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होऊ शकतात; धुळ्याकडच्यांना भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, आणि मन बिघडलं, झोप उडाली, मरावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालतो.

आखाजीनंतर बघू म्हणणाऱ्या आईंना माझा निरोप वेगळा आहे. त्यांना बागेची काळजी आहे ती खरी आहे, तिला खोटं ठरवू नका. पाच-सात दिवसांसाठी व्यापाऱ्याशी बोलायला मामा, चुलतभाऊ, कुणीतरी मिळेल. ते आधी ठरवा आणि मग दवाखान्याचा विषय काढा. पण आखाजीच्या पत्त्यांच्या डावात तो रोजच्यापेक्षा जास्त पिणार, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी आग्रहानं एकदम बंद करणार, अगदी घटस्थापनेसारखं. त्याची मला भीती वाटते. म्हणून सणाच्या आधी, आणि तोपर्यंत त्याला घरी एकदम बंद करायला लावू नका. हे ऐकायला विचित्र वाटेल, डॉक्टर असून पिऊ दे म्हणते. पण फीट येऊन गेलेल्या माणसानं औषधाशिवाय एकाएकी थांबणं हे आणखी चार दिवस पिण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. मध्येच उलट्या, बडबड, भ्रम, फीट असं काही झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

विषय काढायचा तो सकाळी, तो कमीत कमी प्यायलेला असताना, आणि दारूवरून नको. बागेत पडला होतास ते कशामुळे, ते एकदा तपासून घेऊ, एवढंच म्हणा. ते खोटंही नाही. आई, वहिनी, तुम्ही तिघी मिळून त्याला घेरू नका. ज्याचं तो ऐकतो त्या एकानं बोलावं. तुम्ही मारहाणीबद्दल काही लिहिलं नाही. ती होत असेल तर क्रम बदलतो: आधी वहिनी आणि मुलं सुरक्षित, ११२ किंवा महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन, मग उपचार.

येताना त्याचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि त्या दिवशी बागेत हजर असलेला एखादा मजूर आला तर फारच उत्तम. हातपाय कसे झटकत होते, किती वेळ, जीभ चावली होती का, हे तोच सांगू शकेल. त्याला येता आलं नाही तर त्याचा फोन नंबर चालेल, मी समोर बसून बोलते त्याच्याशी.

आणि भाऊ नाहीच म्हणाला, तर वहिनींना एकटीला पाठवा. आमच्याकडे कितीतरी केसपेपर आधी बायकोच्या किंवा आईच्या नावानं निघालेत. त्यांनी तीन-चार वेळा यायचं, उधारी कोण फेडतं, रात्री त्याच्याशी काय बोलायचं आणि काय नाही, प्यायलेला असताना भांडण कसं टाळायचं आणि न प्यायलेल्या दिवशी जवळ कसं बसायचं, हे आमच्याबरोबर बसून ठरवायचं. घरातलं एक माणूस बदललं की पिणाऱ्याच्या दिवसातही फरक पडायला लागतो. चौथ्या-पाचव्या भेटीला दाराबाहेर बाकावर तोंड वळवून बसलेला नवरा मी पुष्कळदा पाहिलाय. बायकोला गाडीवर सोडायला आलोय म्हणतो. आम्ही त्याला पाणी देतो आणि आत यायचं का, एवढं विचारतो.